समासातला शेरा

उमेदवारांना जाणाऱ्या प्रश्नावलीच्या तळाशी एक ओळ असते : ‘फक्त हो किंवा नाही यापुढे खूण करावी. शेजारी काहीही लिहिल्यास त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही असे धरले जाईल.’ ही ओळ रोझेला वीबर्गने १९९४ साली घातली आणि पुढची तीस वर्षं तिच्यातला एक शब्दही बदलू दिला नाही.

त्याआधीच्या निवडणुकीत एका उमेदवाराने दहाही प्रश्नांना ‘हो’ म्हटलं होतं आणि प्रत्येक खुणेशेजारी बारीक अक्षरात काहीबाही लिहिलं होतं. काउंटीच्या गर्भपातविरोधी समितीने मतदारांना वाटायच्या पत्रकावर त्याच्या नावापुढे ‘हो’चे दहा काळे चौकोन छापले. तो निवडून आला आणि राज्याच्या राजधानीत, जेफरसन सिटीत, जाऊन त्याने नेमकं उलट मत दिलं. जाब विचारल्यावर त्याने स्वतःच्या फॉर्मची प्रत टेबलावर ठेवली. “मी तर तेव्हाच लिहून दिलं होतं, बाई. तुम्ही वाचलं नाहीत.” समितीच्या बैठकीत सगळ्यांनी रोझेलाकडे पाहिलं, कारण पत्रक टाइप करायचं काम तिचं होतं. त्या आठवड्यात ती ओळ लिहिली गेली.

तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती आणि कोर्टाच्या इमारतीत तळमजल्यावर, गाडीचा परवाना देण्याच्या खिडकीमागे बसायची. सव्वीस वर्षं बसली. जन्मतारखेतला एक आकडा खोडलेला दिसला तरी फॉर्म परत. “रोझेलाच्या खिडकीवर जाण्यापेक्षा पायी चाललेलं बरं,” असं आमच्या लेंगेनबर्ग गावातले लोक म्हणायचे, आणि हे तिच्या नवऱ्याने, नॉर्बने, तिला घरी येऊन सांगितलं होतं.

या कामात ती कशी आली याची हृदय हेलावणारी कथा नाही. आधीची सचिव बर्फावर घसरली, तिचं खुब्याचं हाड मोडलं, आणि चर्चमधल्या मिस्सेनंतर फादरनी विचारलं की टाइपरायटर कुणाकडे आहे. गर्भातलं मूल हे मूल आहे आणि त्याला मारू नये, याबद्दल तिच्या मनात कधी शंका आली नाही. लोक घरांसमोर पाट्या लावत, राजधानीत जाऊन घोषणा देत. रोझेलाने घोषणा दिल्याचं कुणाला आठवत नाही. ती चर्चच्या तळघरातलं डायपर आणि दुधाच्या डब्यांचं कपाट सांभाळायची, दिवस गेलेल्या पोरींना डॉक्टरकडे नेऊन आणायची, आणि दर दोन वर्षांनी पत्रक काढायची.

पत्रक म्हणजे पिवळा कागद, एका बाजूला छापलेला. डावीकडे उमेदवारांची नावं, पुढे दहा चौकोन. ‘हो’ असेल तर काळा, ‘नाही’ असेल तर फुली, उत्तर नसेल तर रिकामा. आमच्याकडे खरी निवडणूक ऑगस्टमध्येच होते. तेव्हा मतदारांकडून रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी ज्याला मिळाली तो नोव्हेंबरमध्ये निवडून आल्यासारखाच. म्हणून ऑगस्टच्या मतदानाआधीचे दोन रविवार समितीच्या चौदा बायका पाच चर्चच्या आवारांत फिरतात आणि आत मिस्सा चालू असताना प्रत्येक गाडीच्या वायपरखाली एकेक पत्रक खोचतात. चर्चच्या आत उमेदवारांचं नाव काढायला बंदी आहे. बाहेर काय चाललंय ते फादरना वेदीवरून दिसत नाही. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी केंद्र झाडताना पिवळ्या कागदांचा ढीग निघतो.

डेनिस ल्यूबरिंग तीनदा या पत्रकावर राज्याच्या विधिमंडळात निवडून आला होता. त्याचं गुरांच्या खाद्याचं दुकान आहे. लहानपणी तो रोझेलाच्या रविवारच्या धर्मवर्गात होता, त्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षीही तिला ‘मिसेस वीबर्ग’ म्हणतो. तीनही वेळा त्याच्या नावापुढे दहा काळे चौकोन होते. चौथी खेप शेवटची. त्यानंतर कायद्यानेच उभं राहता येत नाही. या वेळी त्याच्यासमोर त्याच्याच पक्षातला ट्रेंट केसलर होता, एकतीस वर्षांचा विमा एजंट, ज्याने फॉर्म मिळाला त्याच दिवशी दहा खुणा करून परत आणून दिला होता.

डेनिसचा फॉर्म २०२४ च्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आला. नऊ प्रश्नांपुढे खुणा होत्या. चौथ्यापुढे नव्हती. चौथा प्रश्न असा : ‘आईच्या जिवाला धोका असताना सध्याच्या गर्भपातबंदीच्या कायद्यात जी सवलत आहे ती तशीच ठेवावी, तिच्यात कोणताही बदल करू नये, असे आपले मत आहे काय?’ शेजारच्या समासात डेनिसने निळ्या पेनाने पाच ओळी लिहिल्या होत्या.

तो कागद रोझेलाने रविवारी जेवणाच्या टेबलावर आणला. टेबलाशी नॉर्ब होता, मुलगी जनेल होती आणि जावई कर्ट. जनेल चौतीस वर्षांची. जेफरसन सिटीत एका दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करायचं काम करते. सहा वर्षं वाट पाहून तिला दिवस राहिले होते आणि आदल्या नोव्हेंबरमध्ये, साडेचार महिन्यांवर, ते गेलं. रोझेलाला एवढं माहीत होतं. दोन रात्री इस्पितळात, मग घरी, असं कर्टने फोनवर सांगितलं होतं. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगला जनेल आली नव्हती. त्यानंतर ती दर रविवारी जेवायला यायची आणि रोझेला दर रविवारी कधी ना कधी ‘पुढच्या वेळी’ असं म्हणायची.

“ऐका,” रोझेला चष्मा लावत म्हणाली. “डेनिससुद्धा घसरला.”

“जेवताना राजकारण वाचलं की नूडल्स गार होतात, रोझी,” नॉर्ब म्हणाला.

“तुझी ताटली तर रिकामी आहे.”

“तेच सांगतोय. वाढ.”

तिने वाढलं आणि वाचायला सुरुवात केली. “‘माझ्या मतदारसंघातल्या एका बाईची अठराव्या आठवड्यात पाण्याची पिशवी फुटली. मूल वाचणार नाही हे डॉक्टरांना पहिल्या तासातच कळलं होतं. पण ठोके लागत होते, आणि कायद्यातलं वाक्य इस्पितळाच्या वकिलालाही उलगडेना. म्हणून अंगात विष पसरून ताप चढेपर्यंत तिला अकरा तास थांबवून ठेवलं. ती जेमतेम वाचली. ते वाक्य स्वच्छ होईपर्यंत मी इथे हो म्हणू शकत नाही.’” तिने चष्मा काढला. “असल्या गोष्टी ही माणसं इंटरनेटवरून उचलतात. नाव नाही, गाव नाही. एक बाई म्हणे. अकरा तास म्हणे.”

“एकोणीस,” जनेल म्हणाली.

“काय एकोणीस?”

“अकरा नाही, एकोणीस तास. अकरा तास झाले होते तेव्हा मला घरी पाठवून द्यायचं की नाही यावर त्यांचं बोलणं चाललं होतं. डेनिसने लिहून घेताना चूक केली.”

कर्टने काटा ताटलीच्या कडेला ठेवला. नॉर्बच्या तोंडातला घास तसाच राहिला.

जनेलने पुढचं सांगितलं तेही आकड्यांतच. ताप एकशे चार. रक्ताच्या सहा पिशव्या. दोन शस्त्रक्रिया, दुसरी गर्भाशय काढण्याची. “दर रविवारी म्हणतेस ना, पुढच्या वेळी, पुढच्या वेळी? पुढची वेळ नाही, मॉम. काढून टाकलंय.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू विचारलं असतंस, फॉर्म नीट भरला होता का.”

 रोझेलाने डेनिसचा कागद पुन्हा उचलला, त्या ओळींवर नजर टाकली.

“रोझी,” नॉर्ब म्हणाला, “तो कागद खाली ठेव.”

तिने ठेवला.

जनेलला दोन गोष्टी हव्या होत्या आणि त्या तिने त्याच टेबलावर सांगितल्या. पहिली : डेनिस जानेवारीत एका वाक्याचं विधेयक आणणार होता. डॉक्टरने केव्हा थांबायचं नाही, ते त्या वाक्यात असणार होतं. त्यासाठी तो तिथे असायला हवा होता. “दुसरा कुणी हात लावणार नाही, मॉम. मी चार आमदारांकडे गेले. तिघांनी पाणी विचारलं आणि वाटेला लावलं.” दुसरी : तिचं नाव कुठेही येता कामा नये. “माझ्या खुर्चीत येऊन लोक आ करतात. त्यांनी आ करायच्या आधी माझ्याकडे त्या नजरेने बघायला नको. एवढंच.”

त्या दिवशी दुपारी भांडी घासताना रोझेलाच्या डोक्यात पत्रक होतं. ट्रेंट केसलरपुढे दहा काळे चौकोन. डेनिसपुढे नऊ आणि मध्ये एक भोक. आमच्या काउंटीत एक रिकामा चौकोन म्हणजे शंभर-दोनशे मतं, हा हिशोब तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि तो चौकोन रिकामा ठेवायचा नियम तिचाच होता.

पुढच्या रविवारी चर्चची पिकनिक होती. पिकनिक म्हणजे अडीच हजार माणसं जेवतात, गोधड्यांचा लिलाव होतो, आणि निवडणुकीच्या वर्षी प्रत्येक उमेदवार जेवणाच्या रांगेपाशी उभा असतो. हस्तांदोलन करणारे नवे. जुने उमेदवार ॲप्रन बांधून वाढायला उभे राहतात. डेनिस बीफच्या परातीमागे होता.

“मिसेस वीबर्ग! चिकन, बीफ, की माझं डोकं?”

“तुझ्या डोक्यावर मांस कमी आहे. हे दुसऱ्या कुणाच्या हातात दे आणि मागे ये.”

हॉलच्या मागे, बर्फाच्या पेट्यांपाशी, तिने पर्समधून कोरा फॉर्म काढला आणि पेन काढलं.

“मला कळलंय ती कोण आहे,” ती म्हणाली.

डेनिसने टोपी काढली. “मी नाही सांगितलं.”

“माहीत आहे. तिनेच सांगितलं. आता ऐक. हा कोरा आहे. नऊ खुणा आहेत तशा कर आणि चौथ्यापुढेही कर. शेरा नको.”

“कुठली खूण?”

“ते तू ठरव.”

“‘हो’ केली तर जानेवारीत हा कागद माझ्या तोंडावर फेकतील. ‘नाही’ केली तर तुम्ही फुली छापणार, आणि ट्रेंट गावभर सांगत फिरेल की ल्यूबरिंग बाळं मारणाऱ्यांना मिळाला.” त्याने हात ॲप्रनला पुसले. “मी दोन्हींतला नाही हो. मी आजही तुमच्याच बाजूचा आहे. एक वाक्य वाईट लिहिलंय, एवढंच म्हणतोय.”

“मग चौकोन रिकामा जाईल.”

“जाऊ दे. फादरपुढे कबुलीजबाबाला बसलं की अर्धं सांगायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. छडी घेऊन.”

“छडी कधीच नव्हती माझ्याकडे.”

“पट्टी होती. लाकडी.”

ती हसली नाही. कोरा फॉर्म तिने घडी न मोडता परत ठेवला.

सोमवारी सकाळी राज्याच्या गर्भपातविरोधी संघटनेतून पॅट्रिसचा फोन आला. पॅट्रिस राजधानीत बसते आणि काउंट्यांकडून आलेली उत्तरं एकत्र करते. उमेदवार फॉर्मची एक प्रत थेट तिच्याकडेही पाठवतात.

“ल्यूबरिंगचा चौथा रिकामा, बरोबर ना?” पॅट्रिसने विचारलं. “आम्ही केसलरला पाठिंबा जाहीर करतोय. तुमचं पत्रक आणि आमचं मतदारांना जाणारं कार्ड जुळायला हवं.”

“त्याने लिहिलंय काहीतरी.”

“लिहिलंय ते दिसलं. रोझेला, नियम तुमचाच आहे. आम्ही सगळ्या काउंट्यांना तुमचा नियम लावला. आठवतंय ना, का लावला?”

“आठवतंय.”

“असल्या कहाण्या आता प्रत्येक जिल्ह्यात निघणार. नोव्हेंबरमध्ये गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालायचा प्रश्न मतपत्रिकेवर येतोय. एक फट ठेवली की दार गेलं समजा.”

“ही कहाणी नाही,” रोझेला म्हणाली, आणि एवढं बोलल्यावर थांबली. आणखी एक वाक्य बोलली असती तर नाव आलं असतं.

मंगळवारी ती टाइप करायला बसली. टाइपरायटर कधीच गेला होता. आता संगणक होता, पण पत्रकाचा साचा तोच होता. तिने डेनिसपुढे नऊ काळे चौकोन केले आणि चौथा रिकामा ठेवला. नियम मोडला नाही. मग कागदाच्या तळाशी, जिथे एरवी मतदान केंद्रांच्या वेळा असतात, तिथे एक तारांकित ओळ घातली : ‘चौथ्या प्रश्नाशेजारी श्री. ल्यूबरिंग यांनी पुढीलप्रमाणे लिहिले आहे.’ आणि त्याच्या पाच ओळी उतरवून काढायला घेतल्या. नाव नाही, गाव नाही. लोकांनी वाचावं आणि काय ते ठरवावं. जनेलच्या दोन्ही गोष्टी यात सांभाळल्या जात होत्या, असं तिला वाटलं.

‘अकरा तास’ इथे ती थांबली. अकरा चूक होतं. तीस वर्षांत समितीच्या पत्रकावर चुकीचा आकडा गेला नव्हता, आणि बरोबर आकडा तिला माहीत होता. तिने अकरा काढून एकोणीस घातलं. बुधवारी कागद छापखान्यात गेला. चार हजार दोनशे प्रती.

अठ्ठावीस जुलैच्या रविवारी चौदापैकी अकरा बायका आल्या. तिघींनी पत्रक वाचलं आणि निरोप पाठवला की गुडघा दुखतोय, पाहुणे आलेत, उन्हाचा त्रास होतो. उरलेल्यांनी तळाच्या ओळींवरून नजर फिरवली, रोझेलाकडे पाहिलं आणि गठ्ठे उचलले. नव्वद अंश फॅरनहाइटचं ऊन होतं. आत भजन सुरू होतं.

ॲग्नेस बॅक्स १९९४ पासून रोझेलाबरोबर होती. तिसऱ्या रांगेतल्या गाड्या संपवून ती रोझेलापाशी आली. तिच्या एका हातात पत्रक होतं, दुसऱ्या हातात फोन.

“पॅट्रिसने मला डेनिसच्या फॉर्मचा फोटो पाठवलाय. विचारत होती, तुझं काय चाललंय म्हणून.”

“माझं काम चाललंय.”

“रोझेला, डेनिसने अकरा लिहिलंय. तू एकोणीस छापलंस.”

“अकरा चूक आहे.”

“तुला कुणी सांगितलं?”

रोझेलाला खोटं बोलता येत नाही. ती एका ट्रकच्या वायपरखाली पत्रक खोचत होती. ते खोचून झालं, मग तिने कागद सरळ केला, मग पुन्हा सरळ केला. ॲग्नेस तिच्याकडे पाहत राहिली. आदल्या नोव्हेंबरमध्ये जनेलच्या घरी ॲग्नेसने बटाट्याची कॅसरोल नेली होती आणि दार कर्टने उघडलं होतं. जनेल दहा दिवस पलंगावरून उठली नव्हती. हे सगळं ॲग्नेसला तिथे, त्या ट्रकपाशी, एकाच वेळी आठवलं असावं.

“अगं देवा,” ती म्हणाली. “आपली जनेल?”

तिने रोझेलाला मिठी मारली. दोघींच्या मध्ये पत्रकांचा गठ्ठा होता. ॲग्नेसला रडू आलं, आणि ते रडू खरं होतं. याबद्दल नंतर कुणीच, जनेलनेही, शंका घेतली नाही.

आमच्या चर्चची एक प्रार्थना साखळी आहे. कुणी आजारी पडलं, कुणाचा ट्रॅक्टर उलटला, कुणाचा मुलगा दारूच्या उपचाराला गेला, की नाव साखळीत जातं. पूर्वी एकीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला. आता एक संदेश जातो आणि बासष्ट घरांत एकदम पोचतो. साखळी ॲग्नेसकडे आहे. त्या संध्याकाळी सहा वाजता संदेश गेला : ‘जनेल आणि कर्टसाठी प्रार्थना करा. त्यांनी गेल्या वर्षी जे सोसलं ते आपल्याला ठाऊक नव्हतं. प्रभू त्यांना बळ देवो.’ तिने पत्रकाचा उल्लेख केला नाही. गरजही नव्हती. बासष्ट घरांत पिवळा कागद दुपारपासून टेबलावर पडला होता.

सोमवारी सकाळी साडेनऊला जनेलच्या खुर्चीत लेंगेनबर्गची एक म्हातारी बसली. जनेलने दिवा ओढला, मास्क लावला. म्हातारीने तोंड उघडलं नाही. तिने जनेलचा हातमोज्यातला हात दोन्ही हातांत धरला.

“कालपासून जपमाळ म्हणतेय हो तुझ्यासाठी, बाळा. साखळीत नाव आलं ना तुझं.”

जनेलने त्या म्हातारीचे दात साफ केले. पस्तीस मिनिटं लागतात. मग गाडीत जाऊन बसली आणि आईला फोन लावला.

“कुणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही. देवाशपथ कुणाला नाही. मी फक्त आकडा दुरुस्त केला.”

“कुठला आकडा?”

“तासांचा. अकरा चुकीचं होतं.”

 पलीकडून फोन बंद झाला.

बुधवारी ट्रेंट केसलरच्या फेसबुक पानावर पत्रक आणि डेनिसचा फॉर्म शेजारी शेजारी दिसले. दोन्ही आकड्यांभोवती लाल वर्तुळ होतं. खाली लिहिलं होतं की समितीच्या सचिवांनी आपल्या घरातल्या माणसासाठी स्वतःचाच नियम वाकवला आणि उमेदवाराचे शब्द बदलले. अशा पत्रकावर विश्वास ठेवायचा का, हे मतदारांनी ठरवावं. जनेलचं नाव त्यात नव्हतं. खालच्या प्रतिक्रियांमध्ये होतं. कुणी लिहिलं, बिचारी. कुणी लिहिलं, देवाने ठोके दिले होते तर थांबायला काय झालं. कुणी लिहिलं, हे सगळं नोव्हेंबरसाठी रचलंय, तिला पैसे कुणी दिले ते शोधा. त्या माणसाच्या तीन मुलींना रोझेलाने परवाने दिले होते.

ट्रेंट एकदा रोझेलाच्या दारात आला. त्याने बूट पायपुसण्यावर नीट पुसले.

“मिसेस वीबर्ग, यात वैयक्तिक काही नाही. तुमच्या कुटुंबाबद्दल मला फार वाईट वाटतं. पण तुम्ही त्याचे शब्द बदललेत की नाही?”

“बदलले.”

“मग मी खोटं काही लिहिलेलं नाही.”

“नाही,” रोझेला म्हणाली. “तू लिहिलंस ते बरोबर आहे.”

तो बहुधा भांडणाची तयारी करून आला होता. तसाच निघाला. नॉर्ब अंगणात गवत कापत होता. त्याने यंत्र बंद केलं नाही आणि ट्रेंटच्या हात हलवण्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या रविवारी पत्रकं वाटली गेली नाहीत. समितीची तातडीची बैठक तळघरात झाली, डायपरच्या कपाटासमोर. ठराव एका ओळीचा होता : उरलेली पत्रकं मागे घ्यावीत. रोझेलाने स्वतःच तो इतिवृत्तात लिहिला, खाली मतं लिहिली, अकराविरुद्ध एक. ते एक तिचं नव्हतं. ते ॲग्नेसचं होतं. रोझेलाने मत दिलं नाही. मग तिने वही अध्यक्षांपुढे सरकवली आणि सांगितलं की पुढचं पान दुसऱ्या कुणीतरी लिहावं.

सहा ऑगस्टला डेनिस ल्यूबरिंग एकशे त्रेचाळीस मतांनी हरला. निकाल कोर्टाच्या इमारतीत भिंतीवर लावतात. तो पाहायला त्याच्याबरोबर त्याची बायको होती आणि दुकानातला एक नोकर. रोझेला जिन्यापाशी उभी होती.

“मी हरवलं तुला,” ती म्हणाली.

“अर्धं तुम्ही, अर्धं मी,” डेनिस म्हणाला. “अकरा मी लिहिलं. ती बोलत होती, मी लिहीत होतो, मध्ये दुकानातून फोन आला. परत विचारायचं राहिलं.” त्याने खिशातून किल्ल्या काढल्या. “जनेलकडे गेला होतात का तुम्ही?”

ती तीनदा गेली होती. पहिल्यांदा दुपारी चार वाजता कर्टने दार उघडून सांगितलं की ती झोपलीय. दुसऱ्यांदा त्याने तेच सांगितलं, पण आत टीव्हीचा आवाज होता. तिसऱ्यांदा दार उघडलं नाही. रविवारच्या जेवणाला आता टेबलावर दोनच ताटल्या असतात. जनेलने दवाखानाही बदलला. नव्या ठिकाणी जायला तिला पन्नास मिनिटं लागतात. तिथे लेंगेनबर्गचं कुणी येत नाही.

रोझेला दुसऱ्या बाजूला गेली, असं जेफरसन सिटीतल्या एका वार्ताहराने गृहीत धरलं आणि तिला फोन केला. तिने त्याला सांगितलं की गर्भातलं मूल हे मूल आहे आणि तिचं मत बदललेलं नाही. मग ते वाक्य? “वाक्य वाईट लिहिलंय,” ती म्हणाली. त्याने विचारलं, या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात. तिने सांगितलं की त्या बसतात, आणि फोन ठेवला. बातमी आली नाही.

नोव्हेंबरमध्ये राज्यघटनेच्या दुरुस्तीवर मतदान झालं. रोझेलाने विरोधात मत दिलं. आमच्या काउंटीत विरोधाचीच मतं फार पडली, पण शहरांनी पारडं फिरवलं आणि थोडक्या फरकाने दुरुस्ती मंजूर झाली. ज्या कायद्यातलं एक वाक्य डेनिस बदलणार होता तो कायदाच बाजूला पडला. ट्रेंट केसलर त्याच दिवशी बिनविरोध निवडून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोझेलाने जनेलला फोन लावला. सव्वातीन महिन्यांत पहिल्यांदा तो उचलला गेला.

“झालं ते,” रोझेला म्हणाली. “तुम्हाला हवं होतं तसं.”

“मला हे कधी हवं होतं? मला डेनिसचं एक वाक्य हवं होतं.”

“मग तू कुठे मत दिलंस?”

“दिलंच नाही. आमचं नाव लेंगेनबर्गच्या मतदारयादीत आहे. केंद्रावर ॲग्नेस बसते. तिने माझा हात धरला असता.”

 बाहेर नॉर्बने गाडी सुरू केली आणि बंद केली.

“तिला वाटलं, प्रार्थनेनं बरं वाटेल तुला.”

“हो ना. सगळ्यांना तसंच वाटलं.” जनेलचा आवाज चढला नाही. “थँक्सगिव्हिंगला आम्ही कर्टच्या आईवडिलांकडे जातोय.”

“आणि ख्रिसमसला?”

“तेव्हाही तिकडेच.”

“बरं,” रोझेला म्हणाली. “त्यांच्या घराकडचा रस्ता घाटाचा आहे, सांभाळून जा.”

“जाऊ,” जनेल म्हणाली, आणि कामाला उशीर होतोय असं सांगून तिने फोन ठेवला.